हाफोद लासचा हुवेल

प्रिय इदवाल,

तुझा गुडघा आता बरा आहे असं तुझ्या लेकीकडून कळलं. म्हणजे पत्राला उत्तर न द्यायला तुझ्याकडे सबब उरली नाही. गुडघ्याने कोणी लिहीत नाही म्हणा, पण तू तेही कारण दिलं असतंस! इकडे सगळं ठीक. मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या, बटाटे निघाले, आणि मी गेल्या आठवड्यापासून इतकी खूश आहे की शेजारीण विचारते, मारेद, या वयात लग्नबिग्न ठरलं की काय तुझं?

तर ऐक. नोव्हेंबरातला, युद्धात पडलेल्यांच्या आठवणीचा, आपल्या लहानपणापासूनचा तो रविवार तू विसरला नसशील. चॅपेलच्या भिंतीवरच्या फळीवर शेताच्या नावासकट कोरलेली नावं पाळक वाचतात, आणि ज्याचं नाव येईल त्याच्या घरचं माणूस उभं राहतं. अकरा नावं. दहांसाठी कोणी ना कोणी उठतं. 'हुवेल, हाफोद लास' म्हटलं की मात्र सगळे आपापल्या बुटांकडे बघतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पडलेला बावीस वर्षांचा मुलगा, आणि त्याच्यासाठी उठणारं एक माणूस नसावं? मला ते लहानपणापासून टोचायचं. शाळेच्या स्वयंपाकघरातली माझी नोकरी संपली तेव्हाच ठरवलं, डोळे मिटायच्या आधी हुवेलसाठी कोणाला तरी उभं करायचंच.

हाफोद लासचं शेत विकून तिथलं कुटुंब कॅनडाला गेलं, एवढंच ठाऊक होतं. दोन वर्षं मी पत्रांवर पत्रं पाठवली. शेवटी उत्तर आलं, तेही फणकाऱ्याचं. बाई, आमच्या घरात चार मुली होत्या, मुलगा नव्हताच, कृपा करून पुन्हा लिहू नका. कपाळ माझं! मी गड्याची मुलगी, आणि मला हे सुचू नये? आपल्याकडे गडी जत्रेत सहा महिन्यांच्या बोलीवर लागतो आणि ज्या शेतावर राबतो त्या शेताच्या नावाने ओळखला जातो. माझ्या बापाची अशी चार नावं झाली, आई वैतागून त्याला नुसतं 'अहो' म्हणायची. हुवेल त्या घरचा मुलगा नव्हता, तबेल्याच्या माळ्यावर झोपणारा गडी होता. भरती झाला तेव्हा तिथे कामाला होता, म्हणून फळीवर तेच नाव कोरलं. आणि पन्नासच्या वर वर्षं आख्खं गाव त्याचं घर चुकीच्या जागी शोधत राहिलं.

पण त्या फणकाऱ्याच्या पत्रात एक पत्ता होता. चौघींपैकी लेइसा इथेच डोल्गेथलायला राहिलेली. शहात्तर वर्षांची बाई, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मी हुवेलचं नाव काढलं आणि तिच्या हातातलं अर्धं सोललेलं सफरचंद तसंच राहिलं. म्हणाली, अगं, नांगर धरायला एक नंबर! आणि गायचा असा की दूध चोरणारी गाय निमूट पान्हा सोडायची. आमच्या आईच्या ताकाला मात्र नाक मुरडायचा मेला. मी हसले, तीही हसली, आणि मग तिनेच पेटीचं सांगितलं. हुवेल पडल्याची बातमी आल्यावर त्याची लाकडी पेटी तिच्या वडिलांनी ट्रॉसव्हिनिथला त्याच्या बहिणीकडे पोचवली होती. मी दुसऱ्याच दिवशी बस धरली.

बहीण केव्हाच वारली. तिची मुलगी ओल्वेन त्या पेटीत कोंबड्यांचे दाणे ठेवते! मोठी प्रेमळ बाई, मला चहा, बेदाण्याचा पाव, वर पुन्हा चहा. तिने माळ्यावरून एक बिस्किटांचा डबा काढला. त्यात हुवेलचा फोटो, रविवारच्या शाळेत मिळालेलं बक्षीस, आणि सैन्याने परत पाठवलेल्या वस्तूंबरोबर आलेली तीन पत्रं. हाफोद लासला घरकामाला असलेल्या मुलीने लिहिलेली. शेवटच्या पत्रात ती लिहिते, मार्चमध्ये पाळणा हलेल, तू परत आलास की लगेच लग्न करू, आणि तू म्हणतोस तेच नाव ठेवू. ते वाचून मी ओल्वेनच्या स्वयंपाकघरात ढसाढसा रडले. ती म्हणाली, मी येईन आणि उभी राहीन मामासाठी, पण माझ्याहून जवळचं कोणी असेल तर आधी त्याला विचार.

इदवाल, पत्राखाली सही होती कात्रिन, तुझ्या आईची. आणि नाव होतं, मुलगा झाला तर इदवाल. तुझं नाव तुझ्या बापाने ठेवलंय. चॅपेलच्या पंचांनी तुझ्या आईला सगळ्यांसमोर उभं करून बाप कोण विचारलं, ती बोलली नाही, आणि त्यांनी तिचं नाव चॅपेलच्या सभासदांच्या यादीतून काढलं, हे तू ऐकतच मोठा झालास. लोक म्हणाले, सांगण्यासारखं काही नसेल. तूही कधीतरी तसंच मानलंस, मला माहीत आहे. पण ती का गप्प राहिली ते लेइसाला ठाऊक होतं. मी पुन्हा गेले तेव्हा तिने सांगितलं. कात्रिन तिला म्हणाली होती, मी बोलले तर हे लोक त्याचं नाव भिंतीवर लागू देणार नाहीत. माझं गेलं तर जाऊ दे, त्याचं राहू दे. म्हणून दर वर्षी ती मागच्या बाकावर तुझा हात धरून ते नाव ऐकायची आणि बसून राहायची. तिच्या दफनानंतर तू इथे पाऊल ठेवलं नाहीस, आणि मी तुला कधी आग्रह केला नाही. आज करते. ओल्वेन, तुझी आतेबहीण, शनिवारीच माझ्याकडे येतेय. तुझ्यासाठीही माझ्याकडची एक खोली झाडून ठेवली आहे. पाळकांना मी काही बोललेले नाही. ते नेहमीसारखंच नाव वाचतील. तू फक्त ऊठ.

तुझीच,
मारेद