डब्यांतली जमीन

मी मनुबाई मष्णू हुंदरे, वय ७४, राहणार येळ्ळूर, ता. जि. बेळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाविना करून ठेवत आहे. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. मजकूर मराठीत घेतला आहे आणि ओळ न् ओळ मी स्वतः वाचली आहे. एकदा न वाचता सही केली, तेवढं पुरे झालं.

१) राहतं घर मुलगा रविराज याचं. वरचा मजला त्यानेच चढवला आहे.

२) पाटल्या आणि तांब्याचा हंडा मुलगी राणी हिला. घरात तिचाही हक्क आहे, पण ती मागणार नाही. याचंच मला वाईट वाटतं.

३) दीर परशराम यांना काही नाही. त्यांना कानडी वाचता येतं, मला येत नाही. कागद पुढे करून म्हणाले, "काय न्हाय वैनी, नोटीस मिळाली म्हणून सही करायची हाय." ती जमीन द्यायच्या संमतीची सही होती. रान रस्त्यात गेलं. त्यांना शिव्या देऊन झाल्या, आता दम उरला नाही. मयताला आले तर चहा द्यावा.

४) गच्चीवरचे एकतीस डबे. तेलाचे, रंगाचे, नातवाचं फुटकं हेल्मेटसुद्धा. लोकांनी टाकलेले मी मागून आणले. शेजारची बायाक्का हसली, "म्हातारपणी भंगार गोळा कराय लागलीस व्हय गं?" पहिल्या वर्षी बुडाला भोकं पाडायची राहिली आणि तुळस कुजली. मग खिळा तापवून तीन-तीन पाडली. वकील म्हणाले, "आजी, डबे जंगम मालमत्तेत येतात." मी म्हटलं, "डबे जंगम, आतली माती स्थावर. आमच्या रानातली हाय ती." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

५) रविराजला गच्चीवर पत्रा घालायचा आहे. रोज विचारतो, "आई, ह्यो पसारा कवा काढायचा?" माती कुठली, हे त्याने विचारलं नाही, मीही बोलले नाही. आज लिहिते. रविराज, तुझ्या आप्पांची रक्षा आपण बांधावरच्या आंब्याखाली घातली होती, आठवतं का? मशीन यायच्या आधी मी तिथलीच माती डोक्यावरून आणली. अकरा खेपा झाल्या. कुठल्या डब्यात आप्पा किती आलेत ते मला ठाऊक नाही, म्हणून एकही टाकू देत नव्हते. पाणी घालून घालून आता थकले रे.

६) तू पत्रा घाल. तीस डबे राणीने उचगावला परसात न्यावेत, तिच्या सासूशी मी बोलून ठेवलं आहे. एकतिसावा, जिन्याजवळचा तेलाचा डबा, घरीच ठेव. त्यात मी काही लावलेलं नाही. माती अर्धीच भरली आहे, भोकं पाडून ठेवली आहेत. माझी रक्षा नदीला नेऊ नका, त्यात घाला आणि वर माती ओढा. काय लावायचं ते सूनबाई सौम्याने ठरवावं. मिरची लावली तरी चालेल, रोज हात लागेल.

साक्षीदार :
१. बायाक्का गोरल, शेजारीण
२. जोतिबा पाखरे, निवृत्त शिक्षक

स्थळ : येळ्ळूर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२४

सही : मनुबाई मष्णू हुंदरे
(वाचून केली आहे.)