मामा गेल्यानंतरचं पंक्चर

औषधाच्या दुकानातल्या बाईसाहेब,

मास्तरांशी भांडून मी कॉलेज सोडलं, तेव्हा सगळं घर माझ्यावर तुटून पडलं होतं. मामाने मात्र हातात पाना दिला आणि सायकलच्या दुकानात बसवलं. तो मामा जाऊन महिना झाला. त्यानंतर थेट काल तू पंक्चर झालेली सायकल आणलीस, "मामांशिवाय दुकान ओकंबोकं वाटतं हो," म्हणत डोळे पुसलेस. तुझं रडणं खरं होतं, तरी मला काहीतरी काळंबेरं वाटलं.

टायर उघडायचा आणि चढवायचा तो मामाच. मी फक्त ट्यूबला ठिगळ लावायचो. काल पहिल्यांदाच मी तुझा टायर आतून चाचपला. खिळा नाही, काच नाही, साधा ओरखडाही नाही! आणि ट्यूबवरची सगळी ठिगळं वॉल्व्हपाशी दाटीवाटीने बसलेली; मीच लावली, पण कधी ध्यानात आलं नाही. खिळे काय पत्ता विचारत येतात?

मग पेटलं डोक्यात. तू आलीस की "भाच्या, कॉलेज नाही जमलं, निदान हवा तरी भर," म्हणून चहाला सटकणारा मामाच टायर चढवताना हळूच दाभणाचं नुसतं टोक टोचत असणार, हवा सावकाश जाईल इतकंच. लबाड म्हातारा! आठवड्याला तुझी फेरी पक्की.

पण कालचं भोकही तिथेच आहे, आणि ताजं आहे. ते कोणी पाडलं?

हे पत्र धाडलं तर तू सावध होशील. म्हणून संध्याकाळी तोंडावरच विचारतो. खरं सांगेपर्यंत सायकल मिळणार नाही.

तुझा (असं लिहू का, ते तूच सांग),
सायकलवाल्याचा भाचा