अर्जदारास गोळी लागते

प्रति,
मेहेरबान अव्वल तालुकदारसाहेब,
जिल्हा बीड.

विषय : अर्जदारास गोळी लागते, हे सरकारने खात्री करून न घेता मान्य करणेबाबत.
संदर्भ : येत्या अमावास्येच्या छाप्याबाबत पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांचा तोंडी हुकूम.

महोदय,

अर्जदार बद्रीनाथ कासार, धंदा तांब्या-पितळेची भांडी विकणे, हात जोडून कळवितो की :

१. गेल्या पंधरवड्यात उमापूरचा बाजार करून मी ज्वारीच्या रानातून परतत असता पोलीस जवान मैनुद्दीन यांनी रानडुकरावर बार काढला. डुक्कर पळाले. आवाजाने माझी दातखीळ बसली व मी भांड्यांसकट आडवा झालो. गोळी कोठे गेली ते तिलाच ठाऊक. मला ती शिवलीसुद्धा नाही.

२. काडतूस फुकट दवडणाऱ्या जवानाची नोकरी जाते, हे आपण जाणताच. मैनुद्दीनमियाँ लेकुरवाळे गृहस्थ. मी शुद्धीवर आलो तेव्हा ते जमलेल्या लोकांस सांगत होते, "गोळी सीने पे बैठी, और बोर के माफिक नीचे गिरी!" मला पडलेले सर्वांनी पाहिले होते, आता उठलेलेही पाहिले. माझ्यावर गुलाल उधळला गेला. मी ओरडून सांगितले की मला गोळी लागलीच नाही. लोक म्हणाले, "तेच तर म्हणतोत आमी, तुला लागतच न्हाई!"

३. ज्याला गोळी लागत नाही त्याला दुसरेही काही लागत नाही, असा गावाचा समज झाला आहे. भाव करता करता गिऱ्हाइके माझा बाप काढतात. सासूबाई तुळजाबाई चावडीपुढे उभ्या राहून माझी अक्कल काढतात, आणि कोणी अडवले तर म्हणतात, "गोळी आत शिरंना, माझं बोलणं काय शिरतंय?" महोदय, शिरते. सगळे शिरते, आणि आतच राहते.

४. अशात अमीनसाहेबांनी हुकूम केला, की डोंगरातल्या दरोडेखोरांवर छापा घालताना मी सर्वांपुढे चालावे आणि जवानांनी माझ्या आडून बार काढावेत. मी मध्ये आलो तरी हरकत नाही, असेही जवानांस बजावले आहे. म्हणजे समोरून दरोडेखोर आणि मागून सरकार. मी अमीनसाहेबांदेखत बाभळीचा काटा बोटात खुपसून रक्त दाखवले. ते म्हणाले, "काट्याचं राहू दे, गोळीचं बोल." मग त्यांचा हात बंदुकीकडे जाऊ लागला, तेव्हा मी हुकूम मान्य करून घरी आलो.

५. घरी येऊन कुटुंब सत्यभामा हिला सांगितले. पूर्वी मला बाजाराहून यायला उशीर झाला, तर ही बाई वेशीपर्यंत येऊन वाट पाहायची. आता छाप्याला जायचे आहे म्हटले, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "जाताना दार वढून घ्या, कुत्रं शिरतंय." महोदय, मला फार वाईट वाटले. आपण मरू शकतो, हे घरात कोणाला तरी वाटायला हवे.

६. तरी मायबाप सरकारने छाप्यातून माझे नाव कमी करावे. मैनुद्दीनमियाँची नोकरी जाऊ नये म्हणून ती गोळी डुकरास लागली असे धरावे. डुक्कर उजर-तक्रार करणार नाही. आणि बद्रीनाथ कासार गोळीने इतर माणसांसारखाच मरतो, अशी शिरूर गावात दवंडी पिटवावी. आमच्या दारापुढे दोनदा.

आपला नम्र व नाशवंत,
बद्रीनाथ कासार
मु. शिरूर, ता. ७ बहमन १३२६ फसली