मखमल यांचे नियम १७ बाबतचे जुने मत रद्द करण्याविषयी

प्रति,
मा. सचिव,
मुष्टियुद्ध सुरक्षा समिती,
क्रीडा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझे पती, निवृत्त मुष्टियोद्धा ‘मखमल’, यांचे बावीस वर्षांपूर्वीचे मत रद्द करणे व येत्या २२ तारखेच्या स्पर्धेसाठी सहायक म्हणून माझी नोंद करणे.

संदर्भ : १) आपले पत्र, ‘मत मागे घेण्याचा विहित नमुना उपलब्ध नाही’.
२) आपले पत्र, ‘नवीन मत ग्राह्य धरता येत नाही’.

महोदय,

मी खाली सही करणार, वय ५८, शिवणकाम करते. या विषयावर आपल्या कार्यालयाला हा माझा पाचवा अर्ज आहे. आधीच्या चार अर्जांत मी फक्त नियमाबद्दल लिहिले. या वेळी घडले ते सगळे लिहीत आहे. त्यामुळे अर्ज लांबला आहे, क्षमा असावी.

१. आपल्या कार्यालयाच्या जिन्यात माझ्या पतींचा फोटो आहे. तरी आपण नुकतेच बदलून आला आहात म्हणून सांगते. ते जांभळ्या मखमलीचा पायघोळ झगा घालून रिंगमध्ये येत. झगे मी शिवत असे. मोज्यात कंगवा असे, आणि समोरचा आडवा झाला की पंचांचे दहा आकडे मोजून होईपर्यंत ते भांग पाडत. डोक्याला संरक्षक टोप घाला म्हटले तर म्हणत, “टोप घातल्यावर भांग कुणाला दिसणार?” हे वाक्य तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी होते.

२. समिती स्थापन झाली तेव्हा त्यांना सन्माननीय सदस्य नेमले गेले. नियम १७ च्या मूळ मसुद्यात, धोका वाटल्यास रिंगजवळच्या डॉक्टरांनी सामना थांबवावा, असे होते. माझ्या पतींनी त्याला लेखी विरोध केला : “खेळाडूच्या कोपऱ्याची संमती असल्याशिवाय डॉक्टरांनी मध्ये पडू नये. डॉक्टर घाबरट असतात, खेळाडू नसतो.” मखमल यांचा शब्द म्हणून, खेळाडूच्या कोपऱ्यातल्या त्याच्या माणसाने होकार दिल्याशिवाय डॉक्टरांनी सामना थांबवू नये, असा नियम झाला आणि आजही तसाच आहे.

३. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत ते प्रमुख पाहुणे होते. मी शेजारी बसले होते. बेकरीत काम करणारी एकोणीस वर्षांची एक मुलगी खेळत होती. तिसऱ्या फेरीत तिच्या कानशिलावर ठोसा बसला आणि तिचे पाय एकमेकांत अडकू लागले. डॉक्टर उभे राहिले. त्यांनी तिच्या कोपऱ्याकडे पाहिले. तिच्या प्रशिक्षकाने ‘चालू द्या’ अशी खूण केली. डॉक्टर उभेच राहिले. पाऊण मिनिटाने ती पडली. मुलगी जिवंत आहे, पण बोलत नाही. तिची आई तिला चमच्याने भरवते.

बाहेर पायरीवर डॉक्टर मला म्हणाले, “वहिनी, मी उभा होतो. मला फक्त उभंच राहता येतं.”

घरी आल्यावर माझ्या पतींनी बूट काढले आणि बराच वेळ ते हातात धरून बसले. मग विचारले, “ते वाक्य माझंच होतं ना गं?” मी हो म्हटले.

४. दुसऱ्या दिवशी ते साध्या सदऱ्यात, केस न विंचरता, आपल्या कार्यालयात मत मागे घ्यायला आले. मत देण्याचा नमुना आहे, मागे घेण्याचा नाही, असे कळले. म्हणून त्यांनी नवीन मत दिले. दोन मते परस्परविरुद्ध असल्याने आपण मनःस्थितीचे वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले. तेही आणले. त्यात खरे ते लिहिले आहे : डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या माराने स्मरणशक्ती व निर्णयशक्ती क्षीण झाली आहे. त्यावर आपण कळवलेत की, नवीन मत आजारी माणसाचे असल्याने चालणार नाही. जुने मत निरोगी असताना दिले असल्याने कायम राहील.

म्हणजे माराने डोके बिघडते हे सांगायला बिघडलेले डोके चालत नाही. हे पत्र मी तीनदा वाचले. कापडावर चुकीची शिवण पडली तर ती उसवता येते. इथे टोक कुठे आहे तेच मला सापडले नाही.

५. हेही कबूल केले पाहिजे की त्यांचे नवे मत टिकत नाही. एक पत्रकार आला तेव्हा त्यांनी कपाटातला झगा काढून घातला आणि म्हणाले, “आम्ही काय काचेचे होतो?” तसे छापून आले आणि ते कात्रण आपण फाइलला लावलेत. पत्रकार गेल्यावर त्यांनी मला विचारले, “हा कोणत्या सामन्याबद्दल बोलत होता?” मी हे लपवत नाही. पण चारचौघे समोर असले की जुने मत येते. घरात आम्ही दोघेच असलो की दर वेळी नवेच असते.

६. आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो होतो. माझे पती तिचा हात हातात घेऊन रडले. तिची आई मला म्हणाली, “यांचं मत बदललं, बरं झालं. नियम बदलला का?” मी सांगितले, अर्ज कार्यवाहीत आहे. आई मुलीची हनुवटी पुसत राहिली.

७. आता जे लिहिते आहे ते मी कुणालाच सांगितलेले नाही. ‘निरोगी असताना दिलेले’ ते मत माझ्या पतींनी शेवटच्या सामन्यानंतर बाराव्या दिवशी दिले. त्या दिवसांत ते सदऱ्याची बटणे चुकीच्या काजात लावत. माझ्या सख्ख्या बहिणीला त्यांनी दोनदा नाव विचारले. त्या सामन्याच्याही आधीपासून हे सुरू झाले होते. डॉक्टर तपासणीत काय विचारतात ते मला ठाऊक होते : वार कोणता, तारीख कोणती, मागच्या वेळी कोणाशी खेळलात. मी त्यांना समोर बसवून पाढे घोकून घ्यावेत तशी ही उत्तरे घोकून घेतली. ते तपासणीत पास झाले. त्यांना खेळायचे होते. आणि तीन महिने खपून शिवलेला नवा झगा लोकांनी पाहावा, असे मलाही वाटत होते.

ते मत माझ्या अक्षरात आहे, आपण फाइल काढून पाहावी. ‘डॉक्टर घाबरट असतात’ एवढे ते बोलले आणि पुढचे विसरले. ‘खेळाडू नसतो’ हे मी लिहिले. वाक्य पुरे व्हावे म्हणून लिहिले. बावीस वर्षे ते त्यांच्या नावावर आहे.

सबब ते मत निरोगी माणसाचे नव्हते, आणि सगळे त्यांचेही नव्हते. मी हे पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. तसे प्रमाणपत्र आपण मागालच, म्हणून आधीच जोडले आहे. खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होणार असेल तर ती व्हावी. जिन्यातला फोटो काढावा लागला तर तोही काढावा. त्यांना मी सांगेन.

८. नियम बदलायला समितीची बैठक लागते आणि ती तीन महिन्यांनी आहे, असे आपल्या लिपिकांनी मला सांगितले. स्पर्धा २२ तारखेला आहे. चौदा खेळाडू उतरणार आहेत. लिपिक माणूस चांगला आहे. तो म्हणाला, “बाई, कोपऱ्याची संमती लागते, एवढीच अडचण आहे.” म्हणून मी नियम पुन्हा वाचला. कोपरा म्हणजे प्रशिक्षक किंवा नोंदणीकृत सहायक, दोघांपैकी कोणीही एक. सहायकाचे वय, शिक्षण, अनुभव यांबद्दल नियमात एक अक्षरही नाही. एका व्यक्तीने किती खेळाडूंचे सहायक व्हावे, याबद्दलही नाही.

तरी नम्र विनंती की, चौदाही खेळाडूंची सहायक म्हणून माझी नोंद करावी. मी प्रत्येक प्रशिक्षकाकडे जाऊन आले. नऊ जणांनी लेखी होकार दिला आहे. चौघे ‘बघू’ म्हणाले आहेत. गेल्या वर्षी ज्यांनी ‘चालू द्या’ अशी खूण केली होती, त्यांनी दार उघडले नाही, पण आज सकाळी त्यांचा होकार शेजाऱ्यांच्या हाती आला. म्हणजे दहा झाले.

त्या दिवशी डॉक्टर ज्या क्षणी उभे राहतील त्या क्षणी सामना थांबवण्यास माझी संमती आहे, असे मी आजच लिहून देत आहे. गुडघ्यांमुळे मला चटकन उठता येत नाही. तेव्हा माझी संमती बसल्या जागेवरूनच धरावी.

उत्तर २२ तारखेच्या आत मिळेल या आशेवर,

(सही)
मखमल यांची पत्नी

दिनांक : ९

सोबत :
१) दहा प्रशिक्षकांचे होकार
२) पतींचे वैद्यकीय प्रमाणपत्र (दुसऱ्यांदा)
३) माझे वैद्यकीय प्रमाणपत्र
४) माझ्या हस्ताक्षराचा नमुना, जुन्या मताशी ताडून पाहण्यासाठी