दहा लाख एक

गुरुजी, तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली, आणि मी अजून तुमच्याशी भांडते आहे, तेही एका भागाकारावरून. केशोरीच्या शाळेत चौथीला मी एकटीच मुलगी. तुम्ही माझ्या पाटीवर १०,००,००१ लिहिलंत आणि वडिलांदेखत म्हणालात, "याले पूर्ण भाग जाणारी संख्या शोध, तुले नागपूरच्या शाळेत मी सोता नेऊन घालतो." हजारापर्यंत तपासायचं, त्याच्या आत सापडली नाही तर ती नाहीच, हेही तुम्हीच शिकवलं होतंत. आणि ज्या संख्या दुसऱ्या कुणाच्या पाढ्यात येत नाहीत तेवढ्याच घ्यायच्या.

मी लागले. तीन, सात, अकरा, तेरा, सदतीस. या पाचांची बाकी दोनच. जणू सगळ्यांनी चावडीवर बसून ठरवून घेतलं होतं. नवव्या दिवशी सत्त्याण्णवला बाकी अठ्ठावीस येते, आणि तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहता.

"बस कर वं. काऊन जीव काढून राहिली? शंभर झाले. कोनाचाच भाग जात नाही हिले."

"पण गुरुजी, हजारापर्यंत म्हटलं होतं..."

"मी सांगतो ना!"

तुम्ही पाटी उचलता, ओल्या फडक्यानं पुसता. त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

गोंदियाच्या सासरी महाशिवरात्रीला बेलाची पानं मोजत होते. शंभर मोजून हात झटकले, तर सासूबाई कडाडल्या, "सौ पे कौन रुकता है, बहू? एक और डाल!" मी पान टाकलं आणि हात तसाच राहिला. सत्त्याण्णवनंतर पाळी एकशे एकचीच होती. चुलीपुढच्या फरशीवर कोळशानं भागाकार मांडला. नऊ हजार नऊशे एक. बाकी शून्य. एकच पायरी अलीकडे थांबवलंत, गुरुजी.

तुमची चूक झाली असेल, असं मी बरीच वर्षं धरून चालले. मग म्हातारपणी वडील एकदा पान चघळत हसत म्हणाले, "गुरुजीले सारं मालूम होतं. मीच म्हटलं, पोरगी घरचीच राहू द्या. तर म्हनले, एकशे एकनं भाग जाते, तिले शंभरवरच थांबवतो. लय हुशार मानूस!"

हुशार खरेच. पोरीला नाही म्हणायला गणिताला खोटं बोलायला लावणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. आज वर्तमानपत्रात मी वकिलांना, पुढाऱ्यांना, शेठांना सोलून काढते आणि लोक विचारतात, बाई, एवढी धार आली कुठून? मी तुमचं नाव सांगत नाही. तेवढा मान तुम्हाला कशाला द्यायचा?

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी धाडलं नसतं. कारण एक गोष्ट मी आजवर कुठल्याच लेखात लिहिली नाही. तुम्ही पाटी पुसलीत तेव्हा मला हायसं वाटलं होतं. नागपूरला एकटीनं राहायची मला फार भीती वाटत होती.