मागच्या दारावर सरकारचा पुनर्विचार

तीर्थरूप मावशीस,

भाच्याचा, म्हणजे कागदोपत्री बघायचं तर तुझ्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या राज्य शासनाच्या विधी विभागातल्या कक्ष अधिकाऱ्याचा, वाकून नमस्कार. (शासनातर्फे लिहिताना मी तुला 'आपण' म्हणतो आणि 'प्रतिवादी' म्हणतो. हे पत्र घरच्या कागदावर, स्वतःच्या पेनाने लिहितोय, म्हणून तू.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचे डोळे कसे आहेत? गुडघ्यांबद्दल तू नेहमीप्रमाणे 'आहेत आपले जागेवर' एवढंच कळवशील, पण डोळ्यांचं खरं काय ते लिही. डोळ्यांचे डॉक्टर त्यांना म्हणाले होते ना, की जे काही डोळे भरून बघायचं असेल ते या वर्षात बघून घ्या. तेव्हापासून ऑफिसात कुणी 'फाईल निवांत बघतो' म्हणालं तरी मला काका आठवतात.

तर कळवायला अत्यंत आनंद होतो की सरकार हरलं. (हे वाक्य शासकीय सेवकाने लिहू नये असा नियम असणार, पण तो शोधायला मी जाणार नाही.) म्हणजे आधीही हरलं होतंच, आता पुन्हा हरलं. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, पण मला सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. तू मला लहानपणी उगाच तंद्र्या म्हणायची नाहीस. तुमच्या मागच्या दारातून दोन-चार पायऱ्या उतरलं की तलाव. काकांनी आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि दुकान बंद केल्यावर त्या दारात खुर्ची टाकून पाणी बघत बसायला लागले. पाटबंधारे खात्याने तलावाच्या संरक्षणासाठी (तलावाला कुणापासून धोका होता ते अजून उघड झालेलं नाही, काका तर नुसते बसायचे) दाराबाहेर भिंत बांधली. तू कोर्टाची पायरी चढलीस, चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलीस, आणि तिथे न्यायमूर्तींनी सांगितलं की वाट जुनी आहे, हक्क तुमचा आहे, भिंत खात्याने काढावी, खात्याने नाही काढली तर घरच्यांनी खुशाल काढावी. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण सरकारचं असं असतं की हरल्याचं त्याला सांगावं लागतं, मग समजावून सांगावं लागतं, आणि मग ते म्हणतं की यावर आपण पुनर्विचार मागू. खात्याने तुला पत्र पाठवलं की आम्ही पुनर्विचार याचिका करतो आहोत, तोवर भिंतीला हात लावू नये. तू सरळ स्वभावाची, थांबलीस. आणि काका दार उघडून विटांकडे तोंड करून बसत राहिले. हे मला आवडलेलं नाही मावशी, आणि खात्यात राहून ते मोठ्याने म्हणता आलं नाही हे त्याहून आवडलेलं नाही.

पुनर्विचार म्हणजे काय ते तुला सोपं करून सांगतो. ज्याने चहा केला त्यालाच जाऊन म्हणायचं की चहा बिघडलाय, आणि बिघडला की नाही हेही तूच ठरव. तेच न्यायमूर्ती, तोच निकाल, आणि आपण नम्रपणे हात जोडून म्हणायचं की महोदय, आपल्या नजरेतून काहीतरी सुटलं असावं. यातून सहसा काय निष्पन्न होतं ते तुझ्यासारख्या बाईला सांगायला नको. हे प्रकरण माझ्याच टेबलावर आलं तेव्हा मी सचिवसाहेबांकडे जाऊन सांगितलं की प्रतिवादी माझी सख्खी मावशी आहे, मला यातून मोकळं करा. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून जरा विचार केला आणि म्हणाले, "बरं झालं, म्हणजे पत्ता तरी चुकणार नाही."

माझं विभागातलं काम म्हणजे उशिराची कारणं लिहिणं. पुनर्विचार मागायला मुदत असते महिन्याची, आणि महिन्याभरात आमच्याकडे फाईलीची दोरीसुद्धा सुटत नाही. मग उशीर माफ करावा असा वेगळा अर्ज लागतो, तो मी लिहितो. बदल्या झाल्या, निवडणुका आल्या, फाईल नजरचुकीने दुसऱ्या इमारतीत गेली, झेरॉक्स मशीन बंद होतं. या विषयात माझा हात धरणारं कुणी नाही, शेजारच्या विभागातले लोकसुद्धा अडलं की माझ्याकडे येतात. पण तुझ्या प्रकरणात माझी पंचाईत झाली, कारण उशिराचं खरं कारण मला ठाऊक होतं आणि ते लिहिण्यासारखं नव्हतं. तुझ्या वकिलांनी पुराव्यात एक फोटो जोडलाय, आठवतं का? भिंत बांधण्याआधीचा. उघडं दार, रिकामी खुर्ची, पायऱ्या, आणि पुढे पाणी, इतकं स्वस्थ पाणी की वाऱ्यानेसुद्धा आधी विचारून यावं. फाईल ज्याच्या टेबलावर गेली त्याने अभिप्राय लिहायला म्हणून ती उघडली, त्या पानावर पोचला आणि तिथेच थांबला. विधी सल्लागारांनी ती आठवडाभर ठेवली. वित्त विभागाचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनी ती मागवून घेतली आणि महिनाभर परत पाठवली नाही. मी स्वतः एकदा विचारायला गेलो तर वित्तचे उपसचिव फाईल उघडी ठेवून हनुवटीला हात लावून बसले होते, पंखा चालू, फोन वाजतोय, आणि यांचं लक्ष कुठेतरी पलीकडच्या काठावर. मी हाक न मारता परत आलो. (परत येऊन जिन्यात जरा उभा राहिलो. त्या जिन्याला खिडकी असती तर बरं झालं असतं असं पहिल्यांदाच वाटलं.) भिंत ज्याने बांधली तो पाटबंधारेचा इंजिनिअरही येऊन फोटो बघून गेला. शेवटी उशिराच्या अर्जात मी लिहिलं की संबंधित अधिकारी कागदपत्रांचं बारकाईने अवलोकन करीत होते. शपथेवर लिहिलेलं माझ्या नोकरीतलं हे पहिलं खरं कारण.

आता दौऱ्याचं सांगतो. पुनर्विचार याचिका न्यायमूर्ती आपल्या दालनात बसून, दार लावून, नुसती वाचून निकालात काढतात. वकिलांना आत बोलावत नाहीत, सरकारला तर नाहीच नाही. हे आमच्या वकीलसाहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं, फक्त सचिवसाहेबांना पटत नव्हतं. ते म्हणाले, सरकार स्वतः दारात आलंय म्हटल्यावर कुणी आत या म्हणणार नाही का? म्हणून आम्ही तिघं गेलो. वकीलसाहेब काळ्या कोटात, साहेब नव्या बुटांत आणि मी गठ्ठ्यांत. विश्रामगृहात वकीलसाहेबांनी आरशासमोर भाषणाची तालीम केली, ती इतकी रंगली की शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी भिंतीवर थाप मारून 'पुन्हा एकदा' म्हटलं की 'पुरे' म्हटलं ते नीट ऐकू आलं नाही.

न्यायालयाच्या लांबलचक व्हरांड्यात एक बाक आहे, त्यावर आम्हाला बसवलं. उंच छत, गुळगुळीत फरशी, आणि माणसं इतकी हळू बोलतात की आपण पाण्याखाली बसलोय असं वाटावं. त्या बाकावर आधीच दोन राज्य सरकारं बसली होती. एका राज्याचे उपसचिव आणि दुसऱ्या राज्याच्या एक कक्ष अधिकारी बाई, दोघांच्याही मांडीवर गठ्ठे, दोघांचीही पुनर्विचार याचिका, दोघांनाही उशीर झालेला. उपसचिव म्हणाले आमच्याकडे अभिलेख कक्षाला आग लागली. बाई म्हणाल्या आमच्याकडे पूर आला. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आमच्याकडे तलाव. त्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या आणि बाईंनी मला पिशवीतल्या सोललेल्या संत्र्याचा अर्धा भाग दिला. तिथल्या पट्टेवाल्याला मी विचारलं की यात राज्य सरकार कधी जिंकतं का. तो विचार करत आत गेला, पाण्याचे पेले ठेवून बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि म्हणाला, "एक जिंकलं होतं म्हणे. पण ते मी नोकरीला लागायच्या आधी."

त्यानंतर मला डुलकी लागली. (गठ्ठा मांडीवर असला की मला लागतेच.) स्वप्नात मी त्याच बाकावर होतो, पण समोर दालनाच्या दाराऐवजी तुमचं मागचं दार होतं आणि सगळी राज्य सरकारं गठ्ठे डोक्यावर धरून पायऱ्या उतरत होती. एकेक सरकार पाण्याशी येई, गठ्ठा काठावर ठेवी, बूट काढी आणि पाण्यात पाय सोडून बसे. कुणी काही मागत नव्हतं. काका खुर्चीत बसून सगळ्यांची घड्याळं काढून घेत होते आणि म्हणत होते, राहू द्या, मी बघतो सावकाश. मला इतकं बरं वाटलं मावशी, की जागा झाल्यावर मी क्षणभर सचिवसाहेबांच्या पायांकडे पाहिलं. बूट होते.

जागा झालो तेव्हा निकाल लागलेला होता. दार उघडलं नव्हतं, आवाज झाला नव्हता, वकीलसाहेबांच्या फोनवर दोन ओळी आल्या होत्या. उशिराचं कारण समाधानकारक नाही, याचिकेतही काही नाही, फेटाळली. पट्टेवाला मात्र म्हणाला की बाकीची प्रकरणं पटापट गेली, तुमच्या फाईलीला वेळ लागला. दोन्ही न्यायमूर्ती एका पानावर बराच वेळ थांबले होते. (त्याने हे खरंच सांगितलं की माझी डुलकी अजून संपली नव्हती, हे मी शपथेवर सांगणार नाही.) वकीलसाहेबांचा चेहरा इतका उतरला की साहेबांनी त्यांना उपाहारगृहात नेलं आणि म्हणाले, तयारी केलीच आहे तर मला तरी ऐकवा. वकीलसाहेबांनी चहा बाजूला सारून अख्खं भाषण केलं, शेजारच्या टेबलांवरचे लोक खुर्च्या वळवून बसले. भाषण संपल्यावर साहेब कप खाली ठेवून म्हणाले, "सगळं पटलं. पण मग त्या बाईंचं चुकलं काय?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मी तुझा भाचा पडलो.

असो. काकांना नमस्कार सांग. स्वतःला जप, जिना चढू-उतरू नकोस, आणि सरकारवर राग धरू नकोस; ते वाईट नाही, फक्त त्याला कुणी तलावाकाठी बसवलेलं नाही.

तुझा,
तंद्र्या

ता. क. एक सांगायचं राहिलं. परतीच्या गाडीत साहेब म्हणाले की आता क्युरेटिव्ह नावाची आणखी एक याचिका करता येते, ती करू. मी विचारलं, साहेब, जिंकू असं वाटतं का? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, छे. पण याचिका नाही केली तर फाईल त्या फोटोसकट अभिलेख कक्षात जाईल, पुन्हा कुणाच्या हाती लागणार नाही. तेव्हा खात्याचं 'तूर्त भिंतीला हात लावू नये' असं आणखी एक पत्र तुला येणार. त्याचा मसुदा मीच करतोय आणि जमेल तितका सावकाश करतोय, पण माझ्या सावकाशीलाही मर्यादा आहे. म्हणून खरं मागणं आता मागतो. त्या पत्राची वाट बघू नकोस. खात्याने भिंत काढली नाही तर घरच्यांनी काढावी असं न्यायालयाने लिहून ठेवलंय, ते आता कायम झालंय. भिंत पाडून टाक.

ता. क. दुसरा. रविवारी मी 'सदर भिंतीच्या सद्यःस्थितीचा अहवाल' करायला शासनातर्फे येतोय. भिंत उभी असली तर मला अहवाल लिहावा लागेल आणि त्यावर पुढची दोन वर्षं निघतील. नसली तर 'भिंत आढळून आली नाही' एवढं लिहून मी जेवून जाईन.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. शनिवारी सकाळी एक गृहस्थ दोन माणसं आणि पहार घेऊन मागच्या बाजूने येतील. तो पाटबंधारेचा इंजिनिअर, सुट्टी टाकून येतोय. भिंत कुठे कच्ची आहे ते त्याला नेमकं ठाऊक आहे, त्यानेच बांधलीय. तू ओळख दाखवू नकोस आणि त्याला काही विचारू नकोस. धूळ खाली बसली की काकांचा हात धरून त्यांना दारात बसव. तलाव अजून किती दिसतो हे त्यांना विचारू नकोस, ते सांगणारही नाहीत. नुसतं बघू दे त्यांना, दिसतंय तोवर. शासनाला काय कळवायचं ते मी रविवारी बघेन.