ओलीच्या भिंतीचं सांगू नका

अहो,

नळाचं काम आटपून तुम्ही जेवायला याल तेव्हा मी बँकेत असेन. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

घराच्या कर्जाचे हप्ते थकलेत, तर लिलावाआधी काय करता येईल ते बँकेतल्या साहेबांनी काल फोनवर सांगितलं. हप्ता लहान करून वर्षं वाढवायची, किंवा काही महिने सवलत मागायची, पण व्याज चढतच राहणार. नाहीतर आपणच आधी घर विकायचं, म्हणजे कर्ज फिटून चार पैसे हातात राहतील. मी तिन्हींना हो म्हटलं. फोन ठेवला तेव्हा डोक्याचा पार भुगा झाला होता.

त्याच गोंधळात तुमच्या ताईंच्या ओळखीच्या जोडप्यालाही हो म्हणून बसले. ते संध्याकाळी घर बघायला येतायत. मला यायला उशीर झाला तर चहा करा. आणि हात जोडते, न्हाणीघरामागच्या ओलीचं त्यांना सांगू नका. पाहुणा जरा टेकला की तुम्ही त्याला त्या भिंतीला हात लावायला लावता आणि आतला पाइप कुठे चुकला ते समजावत बसता. नळ बसवणाऱ्याच्याच घरात ओल, यात कौतुक कसलं ते देव जाणे.

साहेबांना काय सांगायचं ते अजून ठरत नाहीये. विकायचं म्हटलं की ठेवावंसं वाटतं, ठेवायचं म्हटलं की विकून मोकळं व्हावंसं.

कुलूप लावून निघाले होते, एवढं लिहायला परत आले. साहेबांकडे हप्ताच लहान करून मागते. ओल दाखवा त्यांना. दोघांनाही हात लावायला लावा.